अद्भुत कथा आणि आपण बायका



आपल्या स्मरणिकेत पाककृती, विणकाम, बालसंगोपन यांवर लिहिणाऱ्या जाणत्या भगिनी पुष्कळ आहेत. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. त्यामुळे मोठ्या विषयाला हात न घालता मला ज्याची आवड आहे त्याच विषयावर चार शब्द लिहिते. विषय आहे वेताळाच्या, राक्षसांच्या, जादूच्या आणि भुताखेतांच्या गोष्टींचा.

या पुस्तकांविषयी आपल्यात दोन मते आहेत. काही भगिनींचे म्हणणे असे की, वर्गणीच्या पैशांतून घेतलेली पुस्तके ज्ञान देणारी असावीत. भुतांच्या कादंबऱ्यांनी मुले घाबरतात, बायका भोळसट होतात आणि वेळ फुकट जातो. दुसऱ्या भगिनी काही म्हणत नाहीत, परंतु तीच पुस्तके पदराआड नेऊन वाचतात! पदराआड नेण्यासारखे त्यात काही आहे काय, हे पाहण्यासाठी या गोष्टींचा इतिहास थोडा चाळून पाहू.

पैठणची गोष्ट

अद्भुत कथा इंग्रजी पुस्तकांबरोबर आपल्याकडे आल्या, अशी पुष्कळांची समजूत असते. खरे पाहता त्यांचे एक थोर माहेर आपल्याच गोदावरीकाठी आहे. पैठण म्हणजे जुने प्रतिष्ठान. तेथील सातवाहन राजाच्या दरबारात गुणाढ्य नावाचा पंडित होता आणि त्याने 'बृहत्कथा' नावाचा प्रचंड कथाग्रंथ रचला, अशी परंपरा आहे. मूळ ग्रंथ आज उपलब्ध नाही. परंतु तो कसा जन्माला आला याची जी दंतकथा सांगतात, ती आपल्या मंडळाने मुद्दाम ऐकावी अशी आहे.

राजा राण्यांसह जलक्रीडा करीत होता. पाण्याच्या माऱ्याने दमलेली एक राणी संस्कृतात म्हणाली की, मला पाण्याने मारू नका. 'मा' आणि 'उदक' या दोन शब्दांचा संधी होऊन 'मोदक' असा उच्चार झाला. राजाला व्याकरण येत नव्हते. त्याने ताबडतोब मोदकांची ताटे मागवली! राणी हसली आणि राजा खजील झाला. मला संस्कृत शिकवा, असा हट्ट त्याने धरला. गुणाढ्य म्हणाला, सहा वर्षे लागतील. शर्ववर्मा नावाचा दुसरा पंडित म्हणाला, मी सहा महिन्यांत शिकवतो. तसे झाले तर मी संस्कृत, प्राकृत आणि देशी भाषा तिन्ही सोडीन, अशी पैज गुणाढ्याने लावली आणि तो हरला. मग तो अरण्यात गेला, पिशाचांची पैशाची भाषा शिकला आणि त्या भाषेत सात लक्ष श्लोकांची कथा त्याने स्वतःच्या रक्ताने लिहिली.

राजाने तो ग्रंथ नाकारला. पिशाचांची भाषा आणि रक्ताची शाई, म्हणून त्याला किळस आली. दुःखी गुणाढ्याने अग्नी पेटवला. एकेक पान तो पशुपक्ष्यांना वाचून दाखवी आणि आगीत टाकी. जनावरे चरणे सोडून डोळ्यांत पाणी आणून ऐकत राहिली. इकडे मुदपाकखान्यात सुकलेले मांस येऊ लागले आणि राजा आजारी पडला. चौकशीअंती कारण कळल्यावर तो धावत अरण्यात आला, तोवर सहा लक्ष श्लोक जळून गेले होते. उरले ते एक लक्ष.

ही दंतकथा आहे, इतिहास नव्हे. तरी तिच्यात दोन गोष्टी ध्यानात ठेवण्यासारख्या आहेत. सगळ्या प्रकरणाची सुरुवात एका शिकलेल्या बाईच्या हसण्याने झाली, ही एक. आणि विद्वानांनी नाक मुरडले तेव्हा ज्यांना अक्षरही येत नव्हते त्यांनी ती गोष्ट ऐकली, ही दुसरी.

एका राणीसाठी लिहिलेला ग्रंथ

पुढे अकराव्या शतकात काश्मीरमध्ये सोमदेव नावाच्या कवीने या कथांच्या आधारे 'कथासरित्सागर' लिहिला. त्यात एकवीस हजारांवर श्लोक आहेत. हा ग्रंथ त्याने कोणासाठी लिहिला? राजा अनंत याची राणी सूर्यवती हिच्या मनोरंजनासाठी. म्हणजे भारतातील अद्भुत कथांचा सर्वांत प्रसिद्ध ग्रंथ एका बाईने वाचावा म्हणून लिहिला गेला.

या राणीच्या संसाराची हकीकत कल्हणाच्या 'राजतरंगिणी'त आहे. तिच्याच आग्रहाने राजाने १०६३ साली पुत्र कलश याला गादी दिली. पुढे बापलेकांत विकोपाचे वैर झाले. अखेर १०८१ साली राजाने आपला जीव दिला आणि राणी सती गेली. नवरा एकीकडे, मुलगा दुसरीकडे आणि मध्ये ती. अशा बाईला कोणी विद्याधरांच्या आणि उडत्या विमानांच्या गोष्टी ऐकवल्या, तर त्यात वेळ फुकट गेला असे मला तरी म्हणवत नाही.

आपल्या सर्वांच्या ओळखीची 'वेताळपंचविशी' याच ग्रंथात आहे, आणि तेथे तो वेताळ खांद्यावर घेणारा राजा प्रतिष्ठानचाच, म्हणजे आपल्या पैठणचा आहे. वेताळाची प्रत्येक गोष्ट प्रश्नाने संपते. एका गोष्टीत नवरा आणि भाऊ या दोघांची शिरे धडावेगळी झालेली असतात. देवीच्या कृपेने ती जोडण्याची संधी बाईला मिळते, आणि घाईत तिच्या हातून शिरांची अदलाबदल होते. आता नवरा कोणता? राजा म्हणतो, ज्याला नवऱ्याचे शिर तो नवरा. हे उत्तर आपल्याला पटते का? एक दुपार यावर आपण बसलो, तर वेळ कसा गेला हे कळणार नाही.

आपल्या स्वतःच्या कहाण्या

पंडितांचे राहू द्या. श्रावणात पाटावर बसून तांदळाचे दाणे हातात घेऊन आपण ज्या कहाण्या ऐकत आलो, त्या अद्भुत कथा नव्हेत तर काय? त्या कोणा ग्रंथकाराने लिहिल्या नाहीत. आज्यांनी सुनांना आणि सुनांनी लेकींना सांगितल्या.

नागपंचमीची कहाणी घ्या. सगळ्या सुना माहेरी जातात, धाकटीला माहेरच नाही. नागोबा मामाचे रूप घेऊन तिला न्यायला येतो. त्याच्या घरी तिच्या हातून दिवा पडतो आणि नागाच्या पिलांची शेपटे भाजतात. पिले मोठी झाल्यावर सूड घ्यायला येतात, तेव्हा ती पाटावर त्यांचीच चित्रे काढून, दूधलाह्यांचा नैवेद्य दाखवून माझे भाऊ खुशाल असोत म्हणून प्रार्थना करीत असते. ते पाहून त्यांचा राग मावळतो आणि तिच्यासाठी रत्नांचा हार ठेवून ते निघून जातात.

माहेर नसलेल्या मुलीचे दुःख थेट बोलण्याची त्या काळी सोय नव्हती. चार माणसांत सून रडली असती तर तिला बोल लागला असता. नागोबाच्या गोष्टीत मात्र ते दुःख दरवर्षी उघड सांगता येई आणि सासूलाही ते हात जोडून ऐकावे लागे. अद्भुत कथेचे काम काय असते, हे मला या कहाणीत सर्वांत स्वच्छ दिसते.

छापखाना आला तेव्हा

मराठीत छापील पुस्तके होऊ लागली तेव्हा आरंभीच या गोष्टी आल्या. बंगालमधील श्रीरामपूर येथे १८१४ साली 'सिंहासनबत्तिशी' मोडी लिपीत छापली गेली. सदाशिव काशिनाथ छत्रे यांची 'वेताळपंचविशी' १८३० साली आली. पुढे कृष्णशास्त्री चिपळूणकर यांनी 'अरबी भाषेतील सुरस व चमत्कारिक गोष्टी' मराठीत आणण्याचे काम घेतले. त्यांचे चिरंजीव विष्णुशास्त्री यांचाही हात त्याला लागला. या गोष्टी सांगणारी शहाजादी रोज रात्री गोष्ट अर्धी ठेवून आपला जीव एकेक दिवसाने वाढवीत जाते, हे आपणांस ठाऊक आहेच.

मराठीतील पहिली कादंबरी म्हणून बाबा पदमनजींच्या 'यमुनापर्यटन' (१८५७) या पुस्तकाचे नाव घेतात. त्यात हिंदू विधवांच्या दुःखाचे वर्णन आहे. परंतु त्यानंतरच्या लेखकांनी ती वाट सोडली. लक्ष्मणशास्त्री हळबे यांची 'मुक्तामाला' (१८६१) आणि 'रत्नप्रभा' (१८६६), नारो सदाशिव रिसबूड यांची 'मंजुघोषा' (१८६८) या कादंबऱ्यांत राजपुत्र, सुंदर नायिका, दुष्ट कारस्थानी माणसे आणि चमत्कारिक योगायोग यांची रेलचेल आहे.

असे का झाले? 'मंजुघोषे'च्या प्रस्तावनेत रिसबुडांनीच त्याचे कारण दिले आहे. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे की, आम्हां हिंदूंच्या विवाहाच्या रीतीमुळे आणि इतर काही कारणांनी आमच्या रोजच्या आयुष्यात मनोरंजक असे काही घडतच नाही. म्हणून करमणुकीचे पुस्तक लिहायचे तर अद्भुताकडेच वळावे लागते.

भगिनींनो, हे वाचून मी बराच वेळ विचार करीत बसले. आठव्या वर्षी मुलीचे लग्न, बाराव्या-तेराव्या वर्षी संसार, पुढे चूल आणि मूल. यात सांगण्यासारखे काही नाही, असे त्या काळच्या एका लेखकाने प्रामाणिकपणे लिहून ठेवले. अद्भुत कादंबरीवर टीकाही लवकरच झाली. काशिनाथ बाळकृष्ण मराठे यांनी १८७२ साली 'नावल व नाटक ह्यांविषयी निबंध' लिहून अशा पुस्तकांचे दोष दाखवले. परंतु रिसबुडांना खरे उत्तर दिले ते हरि नारायण आपटे यांनी. त्यांची 'पण लक्षात कोण घेतो?' ही कादंबरी १८९० पासून 'करमणूक' पत्रातून येऊ लागली. तिच्यातील यमूच्या साध्या घरगुती हकीकतीने साऱ्या महाराष्ट्राच्या डोळ्यांत पाणी आणले. ज्या घरात सांगण्यासारखे काही नाही असे वाटत होते, त्याच घरात केवढे रामायण होते!

मग अद्भुत कथा निरुपयोगी ठरली काय? मुळीच नाही. घरातले दुःख हरिभाऊंनी दाखवले. त्या घराबाहेर कसे जग असू शकेल, ते दाखवायला पुन्हा कल्पनेचीच गरज लागली. आणि ते काम एका बाईने केले.

काशीबाईंचे राज्य

काशीबाई कानिटकर (१८६१–१९४८) यांचे नाव आपल्यापैकी पुष्कळ जणींनी ऐकले असेल. त्या शाळेत गेल्या नाहीत. लग्नानंतर घरच्यांची बोलणी खात, चोरून-मारून त्या वाचायला शिकल्या आणि मराठीतल्या आरंभीच्या मोठ्या लेखिका झाल्या. त्यांची 'पालखीचा गोंडा' ही कादंबरी १९२८ साली प्रसिद्ध झाली. पालखीचा गोंडा म्हणजे निव्वळ शोभेची वस्तू. कादंबरीतील नायिकेचे लग्न बुद्धीने अधू असलेल्या संस्थानिकाशी लावून दिले जाते. ती रडत बसत नाही. हाती आलेल्या अधिकाराचा उपयोग करून ती संस्थानाचा कारभार बायकांच्या हाती देते आणि नमुनेदार राज्य उभे करते.

यात भूत नाही, वेताळ नाही. तरी त्या काळी बायकांनी राज्य चालवणे हे वेताळापेक्षा अद्भुतच होते. बंगालमध्ये रुकैया सखावत हुसेन यांनीही १९०५ साली 'सुलतानाज ड्रीम' या इंग्रजी कथेत पुरुष पडद्यात आणि बायका कारभारात असे जग रंगवले होते. आज ग्रामपंचायतीत निम्म्या जागा बायकांना राखून ठेवल्या जातात, तेव्हा या जुन्या स्वप्नांची आठवण ठेवावी असे मला वाटते.

वाचनालयांचा सुकाळ

नाथमाधव (१८८२–१९२८) यांची 'वीरधवल' १९१३ सालची. सिंहगडाच्या कड्यावरून पडल्याने त्यांचे कंबरेखालचे शरीर लुळे झाले होते. अंथरुणाला खिळलेल्या या माणसाने घोडदौडी, भुयारे, किल्ले आणि गूढ पुरुष यांनी भरलेली कादंबरी लिहिली. पायांनी जाता येईना तेथे ते मनाने गेले आणि आपल्यालाही घेऊन गेले.

पुढे अनंत अंतरकर यांनी १९४६ साली 'हंस' मासिक काढले. त्यांच्याच 'नवल' मासिकाने गूढ आणि भयकथांचा शोक असलेला मोठा वाचकवर्ग घडवला. १९५२ साली मद्रासच्या 'चंदामामा'ची मराठी आवृत्ती 'चांदोबा' सुरू झाली. खांद्यावर प्रेत आणि हातात तलवार घेतलेला विक्रमराजा म्हटले की जे चित्र आपल्या डोळ्यांपुढे उभे राहते, ते 'शंकर' या चित्रकाराचे. ते २०२० साली वारले. 'चांदोबा' आता निघत नाही, पण जुने अंक ज्यांच्या घरी असतील त्यांनी ते रद्दीत घालू नयेत.

भयकथेत मराठीत दोन नावे अग्रभागी आहेत. नारायण धारप (१९२५–२००८) आणि रत्नाकर मतकरी (१९३८–२०२०).

धारपांची रीत सरळ आहे. चांगले घर, साधी माणसे, आणि हळूच एक गोष्ट बिघडते. वाईटाशी झुंजणारे त्यांचे 'समर्थ' अनेक पुस्तकांतून भेटतात. 'लुचाई' ही स्टीफन किंग या अमेरिकन लेखकाच्या कादंबरीवर बेतलेली आहे, परंतु गाव आणि माणसे आपली वाटतात. २०१८ च्या 'तुंबाड' या हिंदी चित्रपटालाही धारपांच्या 'आजी' या कथेचा आधार आहे.

मतकरींची भीती वेगळी. तेथे भूत बहुधा माणसाच्या मनातूनच निघते. 'खेकडा' ही कथा वाचून झाल्यावर मनुष्य दार लावून घेतो, पण बाहेरच्या भुतासाठी नव्हे. ज्या हातांनी त्यांनी ती लिहिली, त्याच हातांनी 'अलबत्या गलबत्या' हे बालनाट्य लिहिले. त्यातल्या चेटकिणीला पाहून मुले घाबरतात आणि हसतात. मुलांना भीती कशी द्यावी आणि किती द्यावी, हे त्या नाटकावरून समजते.

आक्षेपाचे उत्तर

आता अंधश्रद्धेच्या आक्षेपाकडे वळते, कारण तो खरोखर महत्त्वाचा आहे. भगताच्या, बाबाच्या नादी लागून दागिने गमावलेल्या आणि औषधपाण्याला उशीर झालेल्या बायका आपण आसपास पाहिल्या आहेत. महाराष्ट्रात डॉ. नरेंद्र दाभोलकर यांनी यासाठी आयुष्य वेचले. २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात त्यांचा खून झाला, आणि त्याच वर्षी जादूटोणाविरोधी कायदा झाला. भूत उतरवण्याच्या बहाण्याने मारहाण करणे, साप किंवा कुत्रा चावला असता दवाखान्यात जाऊ न देता मंत्रतंत्र करणे, हे आज गुन्हे आहेत. नागोबा कहाणीत मामा होतो. पण पायाला साप डसला, तर सरकारी दवाखानाच गाठायचा.

माझे म्हणणे इतकेच की, गोष्टीतले भूत आणि बाबाने सांगितलेले भूत यांत फरक आहे. गोष्टीतले भूत पुस्तक मिटले की कपाटात जाते. ते पैसे मागत नाही. आणि पुष्कळ गोष्टी वाचलेली बाई बाबाची गोष्ट ऐकते तेव्हा तिला चटकन कळते की, हाही एक गोष्टच रचतो आहे, आणि तीही साधारण!

शिवाय आपल्याकडची भुते कोण आहेत ते पाहा. अलवंतीण म्हणजे बाळंतपणात मेलेली बाई. मुंजा म्हणजे मुंज झाल्यावर लग्नाआधीच गेलेला मुलगा. दवाखाने नव्हते, सुईणीचा हात हाच आधार होता, त्या काळी घरोघर असे मृत्यू होत. त्या बायकांची नावे कुठल्या बखरीत नाहीत. त्यांची आठवण पिंपळावर आणि विहिरीवर उरली. भुतांवर विश्वास ठेवू नये. परंतु त्यांच्या गोष्टी विसरलो, तर किती बायका विनाकारण गेल्या हेही आपण विसरू.

काय वाचावे

ज्यांना सुरुवात करायची आहे त्यांनी आधी 'वेताळपंचविशी' घ्यावी. गोष्टी लहान आहेत, कुकरच्या शिट्ट्या होईतो एक पुरी होते. मग अरबी गोष्टी, पण लहान मुलांसाठी निवडक काढलेल्या वेगळ्या आणि मोठ्यांच्या वेगळ्या, हे ध्यानात ठेवावे. लांब पल्ल्याच्या कादंबरीची हौस असेल तर 'वीरधवल'. भाषा जुनी आहे, पहिली वीस पाने नेटाने वाचावी, पुढे ती आपोआप ओढते. धारप दिवसा वाचावेत. मतकरी सर्वांनी वाचून झाल्यावर एकत्र बसून बोलण्यासारखे आहेत. मुलांना हॅरी पॉटर मराठीतही मिळतो, तो अवश्य द्यावा, पण त्याच्या शेजारी पैठणचा राजाही असू द्यावा. आणि 'पालखीचा गोंडा' कुठे जुन्या ग्रंथालयात मिळाली, तर ती प्रत्येक सभासद भगिनीने वाचावी.

मंडळाच्या कपाटात या पुस्तकांसाठी एक खण राखावा, अशी माझी कार्यकारिणीला विनंती आहे. दुसरी विनंती वडीलधाऱ्या भगिनींना. आपापल्या गावची आसरांची, वेताळाची, चकव्याची जी गोष्ट आपणांस आठवत असेल ती आम्हांला सांगा. आम्ही वहीत उतरवून घेऊ. गुणाढ्याचे सहा लक्ष श्लोक जळाले ते ऐकणारा उशिरा आला म्हणून. आपल्या घरातल्या गोष्टींच्या बाबतीत तसे होऊ नये.